शर्यतीनंतरचा निरोप

मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी आश्रय दिलेली शिकारी कुत्र्यांची जात आमच्या सीमाभागातील वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. निमुळते मुख, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांबसडक पाय अशी तिची ठेवण. खेड्यापाड्यांतून तिला कारवानी असेही म्हणतात. साधारण याच अंगकाठीचा ग्रेहाउंड विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये शिकारीच्या माळावरून दिव्यांनी उजळलेल्या धावपट्टीवर आला. त्याच्या वेगाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्या निरोपाचा.

२४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर विजेवर धावणाऱ्या कृत्रिम सशामागे कुत्रे सोडण्यात आले आणि ब्रिटनमध्ये या शर्यतींचे युग सुरू झाले. शहरातच, संध्याकाळी, थोडक्या पैशांत पाहता येणारा आणि पैज लावण्याची सोय असलेला हा खेळ कामगारवर्गात लवकरच रुजला. त्याच वर्षी आयर्लंडच्या ऑफली परगण्यात, फादर मार्टिन ब्रॉफी या धर्मगुरूंकडे, मिक द मिलर या कुत्र्याचा जन्म झाला. पुढे डिस्टेंपरच्या दुखण्यातून तो जेमतेम वाचला. मात्र १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर त्याने इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी जिंकली. सलग १९ शर्यती जिंकण्याचा पराक्रमही त्याच्या नावावर आहे. १९३१ मध्ये वेम्ब्लीची सेंट लेजर शर्यत जिंकून तो निवृत्त झाला, तेव्हा त्याचे वय अवघे पाच वर्षांचे होते.

मिकचे उत्तरायुष्य मानाचे गेले. १९३४ मध्ये 'वाइल्ड बॉय' या चित्रपटात तो झळकला. १९३९ मध्ये वृद्धापकाळी त्याचे निधन झाल्यावर त्याचे शरीर पेंढा भरून जतन करण्यात आले. आज ते ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयात काचेआड उभे आहे.

परंतु असा निरोप किती जणांच्या वाट्याला आला? शर्यतीचा ग्रेहाउंड बहुधा चार-पाच वर्षांचा होताच मैदान सोडतो. त्याचे आयुष्य मात्र बारा-तेरा वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग शर्यत संपल्यावरच उरतो आणि त्या काळासाठी या धंद्याने फारशी तरतूद केलेली नव्हती. निवृत्त कुत्र्यांना घरे मिळवून देणारी संस्था ब्रिटनमध्ये उभी राहिली ती १९७५ मध्ये, म्हणजे पहिल्या शर्यतीनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. पुढे २००६ मध्ये इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात एका इसमाने पंधरा वर्षांत सुमारे १०,००० ग्रेहाउंड मारून आपल्या जमिनीत पुरल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. खटला भरला गेला तो विनापरवाना प्रेते पुरल्याबद्दल, आणि शिक्षा झाली ती दंडाची. मारणे हा तेथे गुन्हाच नव्हता! २०१८ मध्ये मकावचे श्वानशर्यतीचे मैदान बंद पडले, तेव्हाही पाचशेहून अधिक कुत्रे मागे राहिले. प्राणिमित्रांनी खटपट करून त्यांना देशोदेशी घरे शोधून दिली.

हे वाचताना आम्हांला आपल्या भाषेतील एका जुन्या शब्दाची आठवण होते. तो शब्द म्हणजे पांजरपोळ. १८३२ मध्ये कंपनी सरकारने मुंबईतील मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज खवळून उठला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. आमच्याकडे जनावरांची हेळसांड होत नाही, असा दावा आम्ही करीत नाही. पण जो जीव आता काहीच कमावीत नाही, त्यालाही दाणापाणी देणे हे समाजाचे काम आहे, ही जाणीव त्या शब्दात आहे.

आमची एक भाची इंग्लंडात स्थायिक आहे. तिने असाच एक निवृत्त ग्रेहाउंड घरी आणला होता. आयुष्य कोंडवाड्यात आणि धावपट्टीवर गेलेले. त्याला जिना कसा चढावा हे ठाऊक नव्हते आणि काचेच्या दारावर तो आपटत असे. हळूहळू तो शिकला. दिवसाचा बहुतेक वेळ तो गादीवर झोपून काढी आणि झोपेत त्याचे पाय धावत असत. बाराव्या वर्षी त्याच्या मागच्या पायांतले बळ गेले, अन्न तुटले. डॉक्टरांना घरी बोलावण्यात आले, तेव्हा भाची त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती.

शर्यतीच्या कुत्र्याच्या कानात ओळखीची अक्षरे गोंदलेली असतात. ती त्याच्या कानातही होती. "शेवटपर्यंत मी तोच कान कुरवाळत होते," असे तिने आम्हांला फोनवर सांगितले. घरात त्याला कुणीही त्या अक्षरांनी ओळखले नव्हते. त्याला नावाने हाक मारीत. मिकला काचेची पेटी मिळाली, याला मांडी मिळाली. दोहोंत भाग्यवान कोण, हे आम्हांला तरी सांगावे लागत नाही.