शाळेचें ग्रंथालय व त्याचें संकेतस्थळ

शाळेच्या ग्रंथालयाचें संकेतस्थळ पाहतांना आम्हांस बडोद्याचा इतिहास आठवतो. १९०६ सालीं संस्थानभर शिक्षण सक्तीचें करणाऱ्या सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविलें. पुढें लांकडी पेट्यांतून पुस्तकें खेडोपाडीं जाऊं लागलीं. मुलांकरितां निराळें दालन झालें. वाचकाची वाट न पाहतां ग्रंथच त्याच्याकडे निघाला! १९३१ सालीं रंगनाथन् यांनीं तर वाचकाचा वेळ वांचविणें हें आपल्या पांच नियमांतच घातलें. मग ज्वालामुखीची माहिती शोधणाऱ्या मुलास आधीं वर्गांक कां विचारावा? तो ग्रंथपालाच्या सोयीचा. मुलास हवें मुखपृष्ठाचें चित्र, दोन ओळींचा परिचय, आणि पुस्तक आज कपाटांत आहे कीं नाहीं याचें उत्तर. सजावटीचा विचार त्यानंतर.