लिअर आणि सातबारा

शेक्सपिअर मराठीत आला तो बहुधा नाव बदलूनच. आगरकरांचं 'विकारविलसित' (१८८३) म्हणजे 'हॅम्लेट', देवलांचा 'झुंजारराव' (१८९०) म्हणजे 'ऑथेल्लो'. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशींचा हॅम्लेट गाजला, तोही आगरकरांच्याच भाषांतरावर.

पुढे शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' केला (१९५४). पण खरी कमाल १९७० च्या 'नटसम्राट'ची. हे भाषांतर नव्हे, तरी आत 'किंग लिअर' बसलेला आहेच. १९७४ मध्ये विंदांनी मूळ नाटकच 'राजा लिअर' म्हणून मराठीत आणलं. मुळाशी इमान म्हणाल तर विंदांचं जास्त. पण आमच्या माढ्यात विचारून बघा, लोकांना अप्पा बेलवलकर माहीत असतात, लिअर नाही!

कारण सरळ आहे. राज्य वाटून टाकणारा राजा आपण कुठे पाहिलाय? पण हयातीतच सातबारा पोरांच्या नावावर करून मग भाकरीसाठी सुनेच्या तोंडाकडे बघणारा म्हातारा कुठल्याही गावात भेटतो. लिअरची चूक शिरवाडकरांनी आपल्या घरात आणून ठेवली.

२०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी नाना जोगांच्या भाषांतरावर 'हॅम्लेट' पुन्हा उभा केला, सुमीत राघवनला घेऊन. अशी नाटकं व्हायलाच हवीत. पण एवढा डोलारा तालुक्याच्या गावी कोण आणणार? तिथे शेक्सपिअर जिवंत ठेवायचा तर राजवाडा नसला तरी चालेल, घरातलं भांडण मात्र खरं हवं. पटतंय का?