कोपी (ऊसतोड कामगारांचे निवारास्थान)

कोपी म्हणजे महाराष्ट्रातील ऊसतोड कामगार गळीत हंगामात साखर कारखान्याच्या तळावर किंवा उसाच्या फडाजवळ राहण्यासाठी उभारतात ती हलकी झोपडी होय. बांबू, चटया, उसाचे पाचट आणि अलीकडे प्लॅस्टिकचा कागद किंवा ताडपत्री हे तिचे मुख्य साहित्य आहे. कोपीचे सामान आणि कुटुंबाचा संसार बैलगाडीवर, टायरगाडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मुक्कामाच्या जागी नेला जातो. शासकीय कागदपत्रांत कोपीचा उल्लेख 'तात्पुरता निवारा' असा होतो. तथापि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंतचे पाच-सहा महिने, आणि तेही वर्षानुवर्षे, हेच त्या कुटुंबाचे घर असते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात या स्थलांतराची दोन्ही टोके एकत्र पाहावयास मिळतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील अवर्षणप्रवण गावांतून टोळ्या बाहेर पडतात, तर राहाता, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, नेवासा या बागायती तालुक्यांत कोप्यांचे तळ पडतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातूनही मोठ्या संख्येने कामगार येथे येतात.

नाव आणि स्वरूप

खोप, खोपी, खोपट हे कोपीच्या जवळचे शब्द आहेत. शेतातील राखणीची खोप एका माणसाच्या रात्रीच्या मुक्कामापुरती असते; कोपीत मात्र नवरा-बायको, मुले, प्रसंगी म्हातारी माणसे आणि संसाराचे सर्व सामान मावावे लागते. भटक्या जमातींचे पाल हे कापडाचे असते. तंबूचे कापड, काठ्या, दोऱ्या आणि खुंट्या हे सर्व एकत्रच प्रवास करते. कोपीचे तसे नाही. तिचा सांगाडा आणि चटया तेवढ्या सोबत येतात किंवा तळावर मिळतात. वरचे आच्छादन मात्र तोडणी सुरू झाल्यावर फडातूनच, पाचटाच्या रूपाने मिळते. त्यामुळे हंगामाच्या पहिल्या आठवड्यातील कोपी बहुधा उघडीबोडकी दिसते आणि पुढे दिवसागणिक जाड होत जाते.

पार्श्वभूमी

जिल्ह्यातील ऊसशेती कालव्यांमुळे वाढली. प्रवरा नदीवरील भंडारदरा येथील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या दोन्ही कालव्यांखालील जमीन उसाखाली येऊ लागली. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना सहकारी चळवळीच्या आधीचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने लोणी येथे उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. त्यापुढील काही दशकांत जिल्ह्यात सहकारी कारखान्यांची संख्या वाढत गेली.

ऊस तोडल्यानंतर लवकरात लवकर गाळला नाही, तर त्यातील साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखान्याला कामगार रोज, ठरलेल्या ठिकाणी, पहाटेपासून हवा असतो. एवढ्या माणसांची पक्क्या घरांत सोय करण्याऐवजी त्यांनी आपले घर सोबत घेऊन यावे अशी रीत पडली, आणि ती अद्याप मोडलेली नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर कोरडवाहू भागातून या कामाकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली.

नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' असे म्हणतात. एकटा कामगार 'अर्धा कोयता' समजला जातो. मुकादम पावसाळ्यातच कोयत्याला 'उचल' म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि ती हंगामभरात तोडणीच्या हिशेबातून फेडावयाची असते. कोपीची मोजणीही कोयत्यावरच होते, म्हणजे एका कोयत्यास एक कोपी. घरात माणसे किती आहेत हे त्या हिशेबात येत नाही.

गाडी आणि तिच्यावरील संसार

कोपीत काय असावे हे गाडीवर काय मावते यावरून ठरते. ऊसवाहतुकीच्या पद्धतीनुसार कामगारांच्या 'सेंटर'चे तीन प्रकार प्रचलित आहेत. 'गाडी सेंटर'मधील कामगार स्वतःची बैलगाडी घेऊन येतो. 'टायर सेंटर'मध्ये रबरी टायरची मोठी गाडी वापरतात. ती अनेक ठिकाणी कारखान्याच्या मालकीची असून हंगामापुरती कामगाराला दिली जाते, बैल मात्र कामगाराचे असतात. 'डोकी सेंटर'मधील कामगारांकडे गाडीच नसते. ते उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरतात.

जुन्या लाकडी चाकांच्या गाडीला लोखंडी धाव असे. टायरगाडी आल्यावर त्याच बैलजोडीकडून दोन ते तीन टन ऊस ओढून घेता येऊ लागला. बैलांवरील ताण मात्र त्यामुळे कमी झाला नाही. बैलजोडी ही बहुधा उचलीच्या पैशातूनच घेतलेली असते. काष्टी, घोडेगाव आणि लोणी येथील जनावरांचे बाजार या जिल्ह्यात प्रसिद्ध आहेत. हंगामाच्या मध्यात बैल दगावला तर कामगाराचे कामही थांबते आणि कर्जही वाढते. म्हणून तळावर कोपीपेक्षा बैलांच्या दावणीची जागा आधी पाहिली जाते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात. गाडीच्या तळाशी ज्वारी-बाजरीची पोती, त्यावर पत्र्याची पेटी, भांडी, पाण्याची घागर वा प्लॅस्टिकची टाकी, गोधड्या, कोयते, बैलांच्या झुली आणि दावी असा क्रम असतो. गेल्या वर्षीचे धड राहिलेले बांबू बाजूला बांधतात. कोंबड्या टोपलीखाली आणि एखादी शेळी गाडीमागे असते. लहान मुले आणि म्हातारी माणसे सामानावर बसतात. आता लांबचा प्रवास बहुधा ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होतो. एका ट्रॉलीत अनेक कुटुंबांचे सामान भरले जात असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला जागा आणखी थोडी येते. अशा वेळी खाट, मोठी पातेली, लाकडी पाट ही सुखाची साधने प्रथम मागे राहतात.

उभारणी

तळाची जागा कारखाना, मुकादम किंवा शेतमालक दाखवतो. त्या जागेत आपली कोपी कोठे घालावयाची एवढीच निवड कामगाराच्या हाती असते, आणि जाणता कामगार ती काळजीपूर्वक करतो. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही आणि अवकाळी पावसात तिचा चिखल होतो, म्हणून शक्यतो उंचवट्याची किंवा मुरमाड जागा पाहतात. कालवा, विहीर किंवा पाण्याचा नळ फार दूर नसावा. पण पाण्याला अगदी लागून डास आणि ओल यांचा त्रास होतो. बैलांची दावण दारासमोर, नजरेच्या टप्प्यात असावी लागते. दार वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवतात.

जागा साफ करून प्रथम कोपीचा आकार जमिनीवर आखतात. दोन्ही टोकांना बांबूंच्या कात्र्या, म्हणजे वरच्या बाजूला एकमेकांत अडकवून बांधलेल्या जोड्या, जमिनीत पुरतात. त्यांच्या बेचक्यांत आडवा बांबू टाकला की त्याचे आढे होते. आढ्यापासून दोन्ही बाजूंना तिरपे बांबू सोडून त्यांवर आडव्या काठ्या बांधतात. सांगाडा हलवून पाहावा आणि तो डुलला तर कात्री पुन्हा पुरावी लागते. वर चटया चढल्यानंतर हे काम अवघड होते. काही ठिकाणी आढे न घालता सर्व बांबू वर एकत्र बांधून शंकूच्या आकाराची कोपी करतात. तिला सामान कमी लागते आणि वाऱ्यालाही ती बरी तोंड देते, पण आत जागा अपुरी पडते.

सांगाड्यावर चटया खालून वर अशा लावतात. वरच्या चटईची कड खालच्या चटईवर यावी लागते, अन्यथा पाणी आत उतरते. त्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर पाचट असा थर दिल्यास कागद उन्हाने तडकत नाही. कागद सर्वांत वर ठेवणे सोपे असते. परंतु दुपारी आत उकडते आणि पहाटे कागदाच्या आतल्या बाजूने दव ठिबकते. पाचट वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावरून दोऱ्या घेऊन त्यांच्या टोकांना दगड बांधतात. बुडाशी मातीचा भर आणि त्याबाहेर पाणी वाहून जाण्यासाठी चर हे दोन्ही आवश्यक आहेत. थंडीच्या दिवसांत पाऊस येणार नाही असे समजून चर टाळणाऱ्यांची गैरसोय अवकाळी पावसात होते.

शेवटी आतील जमीन चोपून शेणाने सारवतात. हे काम स्त्रियांकडे असते. चूल शक्यतो बाहेर मांडतात. दाराला पोत्याचा किंवा जुन्या लुगड्याचा पडदा लावतात. दोन माणसांनी मिळून कोपी एका दिवसात उभी राहते. प्रौढ माणसाला तिच्यात वाकूनच शिरावे लागते आणि ताठ उभे राहता येते ते मधोमध, आढ्याखाली.

टायर सेंटरच्या कोप्या कारखान्याजवळ मोठ्या तळावर एकत्र असतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, बहुधा तेथेच राहतात. गाडी सेंटर आणि डोकी सेंटरच्या टोळ्या तोडणीच्या कार्यक्रमाप्रमाणे गावोगाव हलतात. त्यांना हंगामात अनेकदा कोपी मोडून पुन्हा घालावी लागते, आणि मुक्काम हलविण्याच्या दिवशी तोडणीही सहसा चुकत नाही.

तळावरील जीवन

दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. स्वयंपाक उरकून कोयता फडात जातो. पुरुष ऊस तोडतो, स्त्री तो साळून मोळ्या बांधते; गाडी भरून कारखान्यावर गेली की काट्यापुढील रांगेत रात्र होते. उसाचे वाढे हा बैलांचा चारा असतो आणि उरलेले वाढे विकून हातखर्च भागतो. तान्ही मुले झोळीत, गाडीच्या सावलीत किंवा फडाच्या कडेला असतात. थोडी मोठी मुलगी असली तर ती कोपी सांभाळते.

तळावर शौचालय, न्हाणीघर आणि वीज यांची सोय बहुतेक ठिकाणी नसते किंवा अपुरी असते. स्नानासाठी चार काठ्यांना लुगडे गुंडाळून आडोसा करतात. स्त्रियांच्या आरोग्यावर याचा सर्वाधिक परिणाम होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि त्याच्या चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली.

धोके

वाळलेले पाचट आणि चूल यांच्या शेजारामुळे आग हा कोपीचा पहिला शत्रू आहे. कोप्या दाटीने असल्यास एकीची आग दुसरीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही, आणि त्या वेळी मोठी माणसे फडात असतात. पाचटात सर्प आणि विंचू शिरतात. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यांनी रात्री अंथरूण झटकून घेणे हा तळावरील नित्याचा परिपाठ आहे.

संगमनेर, राहुरी, अकोले या भागांत बिबट्याचा वावर उसाच्या शेतांत असतो. तोडणी सुरू झाली की त्याचा आडोसा नाहीसा होतो. फडात बछडी सापडली तर वन विभाग ती त्याच जागी ठेवून मादी त्यांना घेऊन जाण्याची वाट पाहतो. पडद्याचे दार असलेल्या कोपीतील कुटुंबास मात्र त्या रात्री तेथेच काही अंतरावर झोपावयाचे असते. अंधारात रस्त्याने जाणाऱ्या गाड्या मागून येणाऱ्या वाहनांना दिसत नसल्याने होणारे अपघातही नवीन नाहीत. गाड्या-ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम यासाठीच हाती घेतली जाते.

मुले आणि शाळा

दिवाळीच्या सुट्टीनंतर पाथर्डी-शेवगावकडील शाळांतील उपस्थिती घटते. तळाजवळ भरणाऱ्या 'साखरशाळा' हा त्यावरील एक उपाय होता. कोप्या हलणाऱ्या टोळ्यांच्या मुलांना त्याचा लाभ फारसा होऊ शकला नाही. पुढे मुलांनी गावीच राहून शिकावे यासाठी हंगामी वसतिगृहांवर भर देण्यात आला. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली. तिच्यात ४१ तालुक्यांत मुलांसाठी व मुलींसाठी मिळून ८२ वसतिगृहे प्रस्तावित आहेत. ज्यांच्या नावाने ही योजना आहे त्या भगवानबाबांचा भगवानगड पाथर्डी तालुक्यातच आहे. गावी सांभाळणारे कोणी असेल तरच मूल मागे ठेवले जाते. अगदी लहान मुले अर्थातच कोपीत येतात.

कायदेशीर स्थिती

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कामगारांना योग्य निवास देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकलेली होती. परंतु तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता असल्याने पाथर्डीहून कर्नाटकात जाणारा कामगार त्याच्या कक्षेत येई आणि पाथर्डीहून राहुरीला येणारा येत नसे. शिवाय कामगार मुकादमाचा की कारखान्याचा, हा वाद जुना आहे, आणि कोपीची जबाबदारी त्याच वादात अडकून राहते. तोडणीचे दर कामगार संघटना आणि साखर संघ यांच्यातील कराराने ठरतात. त्या वाटाघाटींत दरवाढीची चर्चा जितकी होते तितकी निवाऱ्याची होत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपावर प्रतिटन दहा रुपये घेण्याचा निर्णय झाला. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये या कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली.

अलीकडील बदल

बैलजोडी ठेवणे महाग झाल्याने छोट्या ट्रॅक्टरमागे टायरगाडी जोडण्याची 'जुगाड' नावाची पद्धत रूढ होत आहे, आणि ऊसतोडणी यंत्रेही वाढत आहेत. पाचटाऐवजी ताडपत्री, कंदिलाऐवजी सौर दिवा आणि मोबाइल हे तळावरील बदल सहज दिसतात. क्वचित बाजारातील घडीचे तयार तंबूही आढळतात. भंडारदरा जलाशयाच्या काठावर पर्यटकांसाठी उभारतात त्याच जातीचे हे तंबू असतात, परंतु ते एक-दोन रात्रींच्या मुक्कामासाठी केलेले असल्याने चुलीचा धूर, ऊन आणि रोजची ये-जा यांपुढे हंगामभर टिकत नाहीत. म्हणून बांबू आणि चटई यांचा वापर अद्याप सुटलेला नाही. पट्टा पडल्यावर कोपी मोडतात, धड बांबू गाडीला बांधतात आणि उरलेले पाचट जागेवर सोडून देतात किंवा जाळतात.