‘भरधाव’ हा पुरावा नसतो

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी गाडी चालवून पोट भरतं, त्यांनी वेळ काढून वाचावी.

वीस वर्षं तालुक्याच्या गावात पत्रकारिता करतोय. अपघाताच्या किती बातम्या लिहिल्या याची मोजदाद नाही. पण जवळजवळ प्रत्येक बातमीत एक शब्द ठरलेला असायचा, ‘भरधाव’. भरधाव ट्रकने चिरडले. भरधाव कार उलटली. वेग नेमका किती होता? मला माहीत नसायचं. ज्याच्याकडून मी बातमी घ्यायचो त्या हवालदारालाही माहीत नसायचं. त्याच्या फिर्यादीत ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’ हे वाक्य असायचंच. तिथून ते माझ्या बातमीत यायचं.

या शब्दाचा हिशोब एका टेम्पोवाल्याने माझ्याकडे मागितला. नाव नको. २०११ मध्ये वळणावर त्याच्या टेम्पोला एक दुचाकी धडकली, पोरगा जखमी झाला. भारतीय दंड संहितेचं कलम २७९ आणि ३३७ लागलं. बातमी मीच लिहिली होती, तीन कॉलमी, मथळ्यात ‘भरधाव टेम्पो’.

कोर्टात तारखेला गेल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं, “वकील कशाला करतोस? पाच हजार घेईल. कबूल कर, हजार-बाराशे दंड भर, मोकळा हो.” पुकारा झाला. हा हात जोडून म्हणाला, “साहेब, दंड भरतो.” पाच मिनिटांत विषय संपला. बाराशे रुपयांची पावती घेऊन तो गाडीवर गेला.

पाच वर्षांनी सरकारी ड्रायव्हरच्या भरतीत त्याचं नाव यादीत आलं. फॉर्मवर रकाना होता, ‘कधी शिक्षा झाली आहे का?’ त्याने ‘नाही’ लिहिलं. खोटं बोलायचं म्हणून नाही. त्याच्या लेखी ती दंडाची पावती होती, शिक्षा नव्हती. पडताळणीत निघालं आणि नाव कटलं. तो माझ्याकडे आला तेव्हा हातात माझ्याच बातमीचं कात्रण होतं. म्हणाला, “दादा, मी भरधाव होतो हे तुम्ही कुठनं बघितलं होतं?”

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर या कायद्याचा इतिहास वाचायला घेतला. जे कळलं ते सांगतो.

कलम २७९ हे १८६० च्या दंड संहितेतलं. तेव्हा जगात मोटार नव्हती. कलम लिहिलं गेलं ते टांगा, बग्गी, बैलगाडी आणि घोडेस्वारांसाठी. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन हाकलं आणि त्यामुळे कुणाच्या जिवाला धोका किंवा दुखापत होण्यासारखी असेल, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८७० साली त्यात ३०४-अ आलं, हयगयीने मृत्यू, दोन वर्षांपर्यंत कैद. लक्षात घ्या, २७९ मध्ये ‘वेग’ हा शब्दच नाही. बेदरकारपणा सिद्ध करायचा आहे.

१९०२ मध्ये मुंबई हायकोर्टात सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी ३०४-अ बद्दल एक कसोटी घालून दिली. मृत्यू हा आरोपीच्या बेदरकार कृत्याचा थेट परिणाम असला पाहिजे. आरोपी तिथे होता आणि माणूस मेला, एवढं पुरेसं नाही. ही कसोटी पुढे सुप्रीम कोर्टानेही उचलून धरली. १९६८ चा महाराष्ट्रातलाच एक खटला आहे. शिकाऊ लायसन्सवर, शेजारी शिकवणारा नसताना एकाने जीप चालवली, धडकेत माणूस गेला. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, पक्कं लायसन्स नव्हतं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात तो दोषी आहे. पण बेदरकारपणे चालवत होता याचा पुरावा कुठे आहे? ३०४-अ मधून तो सुटला.

आता वेगाकडे येऊ. अतिवेगाचा गुन्हा मोटार वाहन कायद्यात आहे, आज १९८८ च्या कायद्याचं कलम १८३. त्यात एक पोटकलम आहे जे बहुतेक ड्रायव्हरांनी कधी ऐकलेलं नसतं. केवळ एका साक्षीदाराच्या मते गाडी जोरात होती, एवढ्यावर अतिवेगाबद्दल दोषी ठरवता येत नाही. तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या आधारे काढलेला असला पाहिजे.

हे पोटकलम आलं कुठून? त्यासाठी थोडं इंग्लंडला जावं लागेल. कारण आपला मोटार कायदा बराचसा तिथल्या कायद्यावर बेतलेला आहे.

१८९६ च्या जानेवारीत केंट परगण्यातल्या वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाला अतिवेगाबद्दल दंड झाला. वेग किती? ताशी ८ मैल! मर्यादा होती २ मैल. सायकलवरच्या शिपायाने पाठलाग करून पकडलं. दंड झाला एक शिलिंग. पुढे मोटारी वाढल्या. शिपाई झुडपामागे घड्याळ घेऊन बसायचे आणि मोटारवाल्यांना गाठायचे. मोटारी तेव्हा उमरावांकडे आणि धनिकांकडे. त्यांचे वकील होते, पार्लमेंटात माणसं होती. १९०३ च्या कायद्यात मर्यादा ताशी २० मैल झाली, पण सोबत दोन संरक्षणं आली. एका साक्षीदाराच्या निव्वळ मतावर अतिवेगाची शिक्षा नाही. आणि खटला भरणार असाल तर जागेवरच ताकीद द्या, नाहीतर ठरावीक मुदतीत नोटीस पाठवा. महिन्याने उठून ‘तू त्या दिवशी जोरात होतास’ म्हटलं तर माणूस बचाव काय करणार? १९०५ मध्ये तर तिथल्या मोटारवाल्यांनी संघटनाच काढली. तिची सायकलवरची पोरं पुढे पोलिस लपलेत अशी खूण करायची.

हीच दोन्ही संरक्षणं आपल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली आणि तिथून १९८८ च्या कायद्यात. आजचं कलम २०९ पाहा. १८३ (अतिवेग) किंवा १८४ (धोकादायक चालवणं) खाली खटला असेल, तर जागेवर ताकीद, किंवा १४ दिवसांत नोटीस, किंवा २८ दिवसांत समन्स, यातलं काहीतरी झालेलं पाहिजे. नाहीतर दोषी ठरवता येत नाही. अपवाद आहेत. नाव-पत्ता वेळेत सापडणं शक्यच नसेल किंवा आरोपीनेच टाळाटाळ केली असेल तर हे लागू नाही. २७९ ला ही मुदत नाही, तेही ध्यानात ठेवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी कॅमेऱ्याच्या चलनांनाही अटी घातल्या. नोटीस १५ दिवसांत, उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण होणारं प्रमाणपत्र, आणि कॅमेरा असलेल्या पट्ट्याआधी सूचनाफलक.

म्हणजे बघा, इंग्लंडच्या लॉर्ड लोकांनी स्वतःसाठी मिळवलेलं संरक्षण आमच्या तालुक्यातल्या टेम्पोवाल्यालाही आहे. फरक इतकाच की लॉर्डच्या बाजूने बोलायला वकील उभा होता. टेम्पोवाल्याच्या बाजूने कुणीच नव्हतं. कलम आपणहून उठून बोलत नाही.

आमच्याच कोर्टात मी एका कंपनीच्या डंपरची केस बसून ऐकली आहे. वकिलाने उलटतपासणीत साक्षीदाराला साधे प्रश्न विचारले. तुम्ही किती अंतरावर होता? पाठ होती की तोंड? जोरात म्हणजे किती? साक्षीदार म्हणाला, “अंदाजे सांगितलं.” पंचनाम्यात ब्रेकच्या खुणांची लांबी नव्हती. डंपरचालक सुटला. टेम्पोवाल्याला हे प्रश्न विचारायचे असतात हेच ठाऊक नव्हतं.

आता कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, “म्हणजे लोकांना चिरडणाऱ्यांना सोडायचं का?” रास्त प्रश्न आहे. त्यावर १९९८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश. १९८२ मध्ये नाला ओलांडताना ट्रक उलटला, १५ माणसं गेली. साक्षीदार म्हणाले, ट्रक ‘हाय स्पीड’मध्ये होता. कोर्ट म्हणालं, हाय स्पीड हा सापेक्ष शब्द आहे, तेवढ्यावरून बेदरकारपणा ठरत नाही. गाडी तपासणाऱ्या मोटार वाहन निरीक्षकाचा रिपोर्ट रेकॉर्डवर नव्हता, त्याला साक्षीलाही बोलावलं नव्हतं. चालक सुटला.

त्या १५ घरांना काय वाटलं असेल? पण दोष बचावाच्या वकिलाचा नाही. मोजमाप नाही, रिपोर्ट नाही, साक्षीला निरीक्षक नाही, फक्त ‘भरधाव’. अशी केस उभी राहिली तर निर्दोषाला सुटायला वकील लागतो आणि खरा दोषी मात्र वकिलाच्या जिवावर सुटतो. पुरावा नीट गोळा करा, ही मागणी मेलेल्याच्या घरच्यांचीही असायला हवी.

आणि आता तर जास्तच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. २७९ चं २८१ झालं, शिक्षा तीच. पण हयगयीने मृत्यूला दोन वर्षांच्या जागी पाच वर्षांपर्यंत कैद झाली. जानेवारी २०२४ चा ट्रकवाल्यांचा संप आणि पंपावरच्या रांगा आठवत असतील. तो अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद केली त्यावरून होता. ती तरतूद तेव्हा लागू न करता बाजूला ठेवली.

शेवटी कामाचं चार ओळीत सांगतो. चूक तुमची असेल आणि साधं चलन असेल तर भरून टाका, त्यासाठी वकील नको. पण २८१, १०६ किंवा १८४ लागलं असेल तर ‘दंड भरतो’ म्हणण्याआधी वकिलाला कागद दाखवा. कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी असं फौजदारी प्रक्रियेचा कायदा सांगतो. ‘दंड भरतो’ आणि ‘मी बेदरकारपणे गाडी चालवली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कोर्टात दोषी ठरून भरलेला दंड ही शिक्षाच असते, फॉर्मवर तशीच लिहावी लागते.

वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतले आरोपी आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. फोन १५१००.

त्या टेम्पोवाल्याचं वय आता भरतीचं राहिलं नाही. तो अजून टेम्पोच चालवतो, रस्त्यात भेटला की हात करतो. मी अपघाताच्या बातमीत आता ‘भरधाव’ लिहीत नाही. ब्रेकच्या खुणा मोजल्या का, असं पोलिसांना विचारतो. बऱ्याचदा उत्तर मिळत नाही. मग बातमीत तेच लिहितो.

तुमच्या ओळखीत असं ‘कबूल करून मोकळं’ झालेलं कुणी असेल तर नाव न घेता कमेंटमध्ये लिहा. आणि स्टँडवरच्या, ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर ही पोस्ट पाठवा.