स्मरण आणि प्रपंच : टिळक दाम्पत्याच्या निमित्ताने

विस्मरण हा व्यवहारात स्मृतीचा दुबळेपणा मानला जातो; धर्मसाहित्यात मात्र तो नैतिक दोष ठरतो. बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएल लोकांना दिलेला इशारा नेमका हाच आहे. अरण्यातील उपासमारीत देव आठवतो. चांगली घरे बांधून झाली, गुरेढोरे वाढली, पोट भरले की तो विसरला जातो, आणि त्याच्याबरोबर आपण कोण होतो हेही विसरले जाते. म्हणजे मोह हा केवळ पापाचा नसतो, सुस्थितीचाही असतो. मराठी वाचकाला हा विचार परका वाटत नाही, कारण वारकरी परंपरेतील नामस्मरणाच्या मुळाशी हीच जाणीव आहे. या दोन परंपरा मराठीत एकत्र आल्या त्या नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या जीवनात आणि काव्यात.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे जात, आप्त आणि प्रतिष्ठा या ओळखीच्या जुन्या खुणा एका दिवसात गळून पडल्या. परंतु ओळखीची रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये त्यांना काम मिळाले, वेतन मिळाले, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. कवी म्हणून कीर्ती होतीच. या सर्व गोष्टी चांगल्या होत्या, आणि आमच्या मते धोका होता तो तिथेच. ‘मी मिशनचा’, ‘मी रेव्हरंड’, ‘मी कवी’ ही उत्तरे ‘मी देवाचा’ या उत्तराची जागा नकळत घेऊ शकतात.

टिळकांच्या अभंगरचनेकडे या दृष्टीने पाहावयास हवे. त्यांच्या आधीच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा मोठा होता. अभंग, ओवी आणि कीर्तन यांना टिळकांनी उपासनेत स्थान दिले, त्याचे वर्णन समीक्षेत बहुधा ‘देशीकरण’ या एका शब्दात उरकले जाते. तो शब्द अपुरा आहे. अभंग ही मुळात स्वतःला देवासमोर उभे करून स्वतःशी बोलण्याची रीत आहे. तुकोबांकडून टिळकांनी छंद घेतला, त्याबरोबर आत्मपरीक्षणाची ही सवयही घेतली. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची धारणा अशा अर्थाने शब्दशः खरी होती.

या आत्मपरीक्षणाची परिणती १९१७ मध्ये झाली. टिळकांनी मिशनची वेतनाची चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना होती. पुढे दोन वर्षांच्या आतच, १९१९ च्या मे महिन्यात, त्यांचे निधन झाले. संस्था म्हणून ‘दरबार’ फारसा रुजला नाही. तरीही पंचावन्नाच्या आसपास पोहोचलेल्या माणसाने निश्चित उत्पन्न सोडून ‘मी कोण?’ हा प्रश्न नव्याने विचारावा, याचे मोल संस्थेच्या यशापयशावरून ठरत नाही.

येथवरची कथा संन्यासाच्या परिचित साच्यात बसते. तो साचा मोडतात लक्ष्मीबाई (१८६८–१९३६). ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पदोपदी जाणवते की टिळकांच्या विरक्तीचा हिशेब घरात कोणालातरी मांडावा लागत होता. पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी सोवळेओवळे सोडले नाही. ते हळूहळू, स्वतःच्या विचाराने सुटले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्याला धर्मग्रंथ ‘प्रपंचाची भूल’ म्हणतात, तो प्रपंच त्यांच्यापुढे रोजच्या चुलीच्या, मुलांच्या आणि आश्रयाला आलेल्या अनाथांच्या रूपाने उभा होता. त्याकडे पाठ फिरवून देवाचे स्मरण करणे त्यांना शक्य नव्हते, आणि त्यांनी ते केलेही नाही. अनाथ पोराच्या ताटात भाकरी वाढताना जे आठवते, तेच त्यांचे स्मरण.

या दोघांपैकी खरे स्मरण कोणाचे, असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला की उत्तरे चटकन विभागली जातात. आम्हांस वाटते, उत्तर ‘ख्रिस्तायना’च्या घडणीत आहे. टिळकांनी आरंभलेले हे काव्य त्यांच्या मृत्यूमुळे सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांचे औपचारिक शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते, त्यांनी आपल्या उतारवयात त्यात साठांहून अधिक अध्यायांची भर घातली, आणि ग्रंथ १९३८ मध्ये, त्यांच्याही पश्चात, प्रसिद्ध झाला. प्रपंचातून बाहेर पडून सुरू झालेले स्मरण अखेर प्रपंच निभावणाऱ्या हातांनी पूर्णत्वाच्या जवळ नेले. ‘अनुवादा’तील इशाराही घरे बांधू नका असे सांगत नाही; घरात राहताना विसरू नका, एवढेच सांगतो.