शिपायांची पोरं

भायखळा स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि क्लेअर रोड विचारा. पाटीवर मिर्झा गालिब मार्ग असं लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला जुनंच नाव आधी कळतं. थोडं चाललात की ख्राइस्ट चर्च शाळेचं फाटक येईल. आत शिरू नका. फाटकासमोरच उभे राहा आणि एकेक गोष्ट काढून टाकत जा. आधी उड्डाणपूल काढा, मग रेल्वे, मग गिरण्यांची धुराडी. मागच्या चाळी गेल्या, राणीची बाग गेली, ज्या क्लबावरून क्लब रोडला नाव पडलं तो क्लबही गेला. आता पायाखाली चिखल लागतोय. साल 1826, पावसाळा. भायखळा म्हणजे कोटापासून दूर, सखल, पाणथळ जागा. ताडाची झाडं, भातखाचरं, मधून परळच्या गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्याकडे जाणारा रस्ता.

दमणी हाकणारा एक म्हातारा तुमच्याजवळ थांबतो. तुमच्या कपड्यांकडे एकदा बघतो, पण विचारत काही नाही.

"शाळेत जायचंय का, बाबा? ती सोल्जरांच्या पोरांची?"

तुम्ही मान हलवता.

"बसा. नवीनच उघडलीय इथं. आधी कोटात होती. गोरी पोरं, अर्धी गोरी पोरं, सगळी एकाच टोपीत. आईबाप नाहीत म्हणं कुणाला."

शाळा इथे येऊन जेमतेम वर्ष झालंय. बाँबे एज्युकेशन सोसायटीने 1825 मध्ये आपलं बिऱ्हाड कोटातून भायखळ्याला आणलं. मुलांची इमारत वेगळी, मुलींची वेगळी. मुलांच्या बाजूला गेलात तर आधी आवाज ऐकू येतो. शंभर तोंडं एकाच वेळी पाढे घोकताहेत. मास्तर एकच दिसतो, मोठी मुलं लहानांना शिकवताहेत. अगदी लहान पोरं वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताहेत. ही धूळपाटी आहे, आपल्या पंतोजींच्या शाळेतलीच. मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल याने तिकडच्या गावठी शाळेत मुलांना वाळूत लिहिताना पाहिलं, ती युक्ती उचलली, इंग्लंडात जाऊन तिचं पुस्तक केलं, आणि तिला 'मद्रास पद्धत' असं नाव पडलं. आता तीच पद्धत विलायतेचा शिक्का घेऊन भायखळ्यात परत आली आहे. म्हाताऱ्या गाडीवानाला हे सांगून उपयोग नाही. त्याचा नातू तसाच शिकतोय.

ही पोरं इथे कशी आली हे कळायला अजून मागे जावं लागेल. 29 जानेवारी 1815. कोटात सेंट थॉमस चर्चमध्ये मंडळी जमलीत. मुंबईचा पहिला आर्चडीकन जॉर्ज बार्न्स बोलतोय. पलटणीतली पोरं बापाच्या मागे बराकीत वाढतात, बाप मेला की बाजारात भटकतात, त्यांना ना अक्षर ना धर्म, असं त्याचं म्हणणं. या चर्चची रिचर्ड कॉबच्या काळापासूनची एक छोटी धर्मादाय शाळा होती. तिला धरूनच नवी सोसायटी उभी राहिली. वर्गणी आली, प्रवचनानंतर फिरणाऱ्या थाळीत पैसे पडले, कंपनी सरकारनेही हात लावला.

बार्न्सच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्या सभेत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात नुसती दया होती असं मानायला मी तयार नाही. सत्ताधाऱ्यांच्या रंगाची पोरं उघडीनागडी बाजारात हिंडणं, हे राज्य करणाऱ्यांना परवडणारं नव्हतं.

दोन वर्षांत शाळेला आणखी पोरं मिळणार हे नक्की झालं. 30 ऑक्टोबर 1817 ला मुंबईची युरोपियन पलटण घाट चढून पुण्याला पोचली. 5 नोव्हेंबरला खडकीला बाजीराव पेशव्याविरुद्ध तोफा सुरू झाल्या. तुम्ही खडकीच्या माळावर उभे राहिलात तर एक गोष्ट खटकेल, इथे गोरे फारसे पडत नाहीत. ते मरतात नंतर, तापाने, हगवणीने, दारूने. पुढच्या ऑगस्टात पटकी मुंबईत शिरली. तिने गोरा-काळा असा हिशोब ठेवला नाही. शाळेत पोरकं झालेल्या पोराला विचाराल, बाप कुठे मेला, तर फार थोडे एखाद्या लढाईचं नाव सांगतील. बहुतेकांचा बाप इस्पितळात गेला आणि आलाच नाही.

आणि आई? गोऱ्या सोल्जराची पलटणीच्या दफ्तरात नोंदलेली बायको विधवा झाली, तर तिच्या तनख्याला मुदत असे. ती उलटायच्या आत दुसरा सोल्जर गाठायचा आणि लग्न करायचं. अनेकींनी काही आठवड्यांतच केलं. त्यांना नावं ठेवणाऱ्या मडमांना तंबूत लेकरं घेऊन झोपायचं नव्हतं. नवा नवरा जुन्याची पोरं पोसेलच असं नाही, मग पोरं इथे. ज्या पोरांची आई इथलीच होती, कुणी मराठी, कुणी गोवेकर ख्रिस्ती, तिचा कागदोपत्री पत्ताच नसे. कंपनीच्या राज्यातल्या लष्करी अनाथालयांचा एक अलिखित नियम होता: पोराला आईच्या भाषेपासून, आईच्या देवापासून, आईच्या जेवणापासून तोडलं की मगच तो वाचला. फाटकाबाहेर झाडाखाली एक बाई बसलेली तुम्हाला दिसेल. नऊवारी, डोक्यावर पदर. ती आत येणार नाही. गाडीवान तिच्याकडे बोट दाखवत नाही, तुम्हीही दाखवू नका.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे वळतो. ज्या लढायांनी ही पोरं पोरकी केली, त्यांत दोन्ही बाजूंनी आपली माणसंही मेली. कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातले महार होते, मराठे होते, बेने इस्राएल होते, मुसलमान होते. कोरेगावच्या खांबावर त्यांची नावं कोरली गेली, नाक-नाक करत संपणारी नावंही. दगडावर जागा मिळाली, पण त्यांच्या पोरांना भायखळ्यात खाट मिळाली नाही. बाजीरावाच्या बाजूने मेलेल्या बारगिराच्या घरचं तर विचारायलाच नको. ख्रिस्ती दयेला हे दिसत नव्हतं का? थोडंफार दिसत होतं, हीच गंमत.

सोसायटीच्या शाळांत नेटिव पोरंही येऊ लागली होती. त्यांना काय शिकवायचं, कोणत्या भाषेत, कोणत्या पुस्तकातून, हे भांडण 1820 मध्ये इतकं वाढलं की सोसायटीने त्यासाठी वेगळी कमिटीच नेमली. 1822 मध्ये ती कमिटी आईपासून सुटून स्वतंत्र संस्था झाली, पुढे तिचीच बाँबे नेटिव एज्युकेशन सोसायटी झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिचा अध्यक्ष, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस चिटणीस, आणि नेटिव चिटणीस सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे आपले बापू छत्रे. पुढे बाळशास्त्री जांभेकरही याच संस्थेत आले. 1828 मध्ये छत्र्यांचं 'बाळमित्र' छापून निघालं आणि मराठी मुलांच्या हातात मराठी गोष्टींचं पुस्तक आलं. ज्या मराठी शाळांत आपले पणजोबा शिकले, त्यांची नाळ गोऱ्या शिपायांच्या पोरक्या मुलांसाठी काढलेल्या धर्मादायाशी जुळते, हे आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही. सांगायला थोडं अवघडही आहे.

याच नेटिव सोसायटीतून एल्फिन्स्टनच्या नावाची शाळा आणि कॉलेज निघालं. तुम्ही पुढच्या काळातले, तुम्हाला ठाऊक आहे की परळच्या चाळीत राहणारा एका सुभेदाराचा मुलगा 1907 मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक होणार आहे. सुभेदार रामजी सकपाळांचं घराणं कंपनीच्या फौजेपासूनचं. शिपायाचं पोर शाळेत पोचलं ते असं, वळसा घेऊन, जवळजवळ नव्वद वर्षांनी. आणि पोचलं ते कुणाच्या दयेने नव्हे.

भायखळ्यातली पोरं मोठी होत राहतात. मुलगे बँडमध्ये ढोल वाजवायला, कंपनीच्या जहाजांवर, कचेरीत नक्कलनवीस म्हणून. मुली सोल्जरांच्या बायका म्हणून, म्हणजे पुन्हा तेच चक्र. 1833 मध्ये शेजारी ख्राइस्ट चर्च उभं राहतं. मग अफगाणिस्तानची मोहीम येते. त्या मोहिमेच्या आठवणीसाठी कुलाब्याला उंच मनोऱ्याचं चर्च बांधलं गेलं, ते आजही आहे, कधी गेलात तर आतला लेख वाचा. मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर आहेत. साध्या शिपायांबद्दल एवढंच आहे की ते इतके होते की नावं लिहिता येत नाहीत. मात्र भायखळ्याच्या शाळेला हजेरी घ्यावी लागते. त्या बिननावाच्या बापांची आडनावं तिथे रोज सकाळी मोठ्याने वाचली जातात.

शेवटचा मुक्काम 1857. सोसायटीचा आता स्वतःचा छापखाना आहे, एज्युकेशन सोसायटीज प्रेस, भायखळा. सरकारी अहवाल, भूगोल सोसायटीचे अंक, काय वाटेल ते इथे छापलं जातं. आत शिरा, शाई आणि घामाचा वास घ्या. एका फर्म्यावर देवनागरी आणि रोमन खिळे शेजारी शेजारी बसलेत. ही मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती, सुमारे साठ हजार शब्द, सरकारसाठी इथेच छापली जातेय. खेड्यातल्या म्हणी, शिव्या, शेतीची अवजारं, बायकांच्या ओव्यांतले शब्द, सगळं आत. मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आणि कँडीबंधूंची नावं येतील, खिळे जुळवणाऱ्यांची नाहीत. आपण आजही एखादा जुना शब्द अडला की हाच कोश उघडतो. ज्या भाषेपासून या शाळेने आपल्या पोरांना सांभाळून दूर ठेवलं, त्या भाषेचं सगळ्यात मोठं भांडार त्यांच्याच संस्थेच्या यंत्रावर चढलंय.

15 ऑक्टोबरला काम थांबवून बाहेर या. आता भायखळ्याला आगगाडी आहे. तिने बोरीबंदरला उतरा आणि एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाकडे, चालत जा. दिवाळी दोन दिवसांवर आली आहे. दिवाळीत मुंबईच्या पलटणी उठवायचा बेत फुटला, आणि आज दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देणार आहेत: मरीन बटालियनचा हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा मंगल गाडिया. बेत हुडकून काढणारा पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट गर्दीत असेल. तोही तोफखान्यातल्या एका माणसाचाच मुलगा, मिश्र रक्ताचा, इथेच वाढलेला, इथल्या बोली इथल्या माणसासारख्या बोलणारा. वेष बदलून भिंतीच्या भोकातून त्याने शिपायांची खलबतं ऐकली, ती या बोलींच्या जोरावरच.

तोफा डागल्यावर लोक पांगतात. उत्तरेत यंदा मेलेल्या गोऱ्यांच्या विधवा-पोरांसाठी लंडनपासून कलकत्त्यापर्यंत वर्गण्या गोळा होताहेत, मुंबईच्या बंगल्यांतूनही रुपये निघताहेत. भायखळ्याच्या शाळेला येत्या वर्षी जास्तीच्या खाटा लागतील. सय्यद हुसेनच्या आणि मंगल गाडियाच्या माणसांनी कुणाचं दार वाजवायचं, हे विचारायला तुम्ही एखाद्या पाद्र्याला गाठलंत तर तो चांगला माणूसही असेल, थांबून तुमचं ऐकूनही घेईल. तुमचा प्रश्न मात्र त्याला कळणार नाही.