लाल दगडांच्या दरीतले घोडेस्वार

वेस्टर्न सिनेमाच्या चाहत्यांमध्ये दोन तट ठरलेले असतात. एक दिग्दर्शक जॉन फोर्डला मानणारा, दुसरा दिग्दर्शक सर्जिओ लिओनेला. आमच्या गटातही तसंच आहे. यंदाच्या पावसाळ्यात आम्ही फोर्डचे जुने सिनेमे ओळीने पाहिले आणि प्रत्येक सिनेमानंतर रात्री उशिरापर्यंत वाद रंगले. ‘स्टेजकोच’ (१९३९) सगळ्यांनाच आवडला. ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये (१९४६) शेवटच्या गोळीबारापेक्षा खुर्ची मागे झुकवून खांबाला पाय टेकणारा हेन्री फोंडा जास्त लक्षात राहतो, यावरही एकमत झालं. ‘द सर्चर्स’वरून (१९५६) मात्र कडाक्याचं भांडण झालं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका मित्राच्या मते तो फोर्डचा सर्वश्रेष्ठ सिनेमा. त्यांच्या मुलीचं म्हणणं, त्यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना ज्या तऱ्हेने दाखवलंय ते आज बघवत नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे या भांडणात माझं लक्ष सारखं नायकाच्या मागे जात होतं, तिथल्या जागेकडे आणि त्या जागेतल्या माणसांकडे.

ती जागा म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली. अमेरिकेच्या ॲरिझोना आणि युटा या दोन राज्यांच्या सीमेवरचा वाळवंटी प्रदेश. सपाट जमिनीतून शेकडो फूट सरळ वर गेलेले लाल सुळके, वर सपाट माथे. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. इथला दगड मात्र वाऱ्याने साठवलेल्या वाळूचा, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्यावर टणक दगडाची टोपी आहे. ती शाबूत असते तोवर सुळका उभा राहतो. खालचा मऊ थर झिजला की कड्याचे उभेच्या उभे कापे निघतात. पडद्यावरचे ते ताठ कडे असे घडले आहेत. हा सगळा मुलूख नॅव्हाहो लोकांचा. ते स्वतःला ‘दिने’ म्हणतात.

सिनेमा इथे रुजला तो गरिबीतून. हॅरी गोल्डिंग आणि त्यांची पत्नी लिओनी हे जोडपं १९२० च्या दशकात इथे येऊन राहिलं आणि त्यांनी व्यापारी ठाणं उघडलं. दिने लोकांनी लोकर आणि विणलेली घोंगडी आणायची, बदल्यात पीठ, साखर, कॉफी न्यायची, असा व्यवहार. मग महामंदी आली. त्यातच केंद्र सरकारने ठरवलं की चराईने जमीन धुपते आणि गाळ कोलोराडो नदीवरच्या नव्या धरणाकडे जातो, म्हणून मेंढ्या-बकऱ्या कमी करायच्या. हजारो जनावरं मारली गेली. ज्या समाजात घराची पत कळपावरून ठरते, त्याचं यात काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. १९३८ मध्ये गोल्डिंग पती-पत्नी जोसेफ म्यूंच या छायाचित्रकाराने काढलेले दरीचे फोटो घेऊन हॉलिवूडला गेले. भेट मिळेपर्यंत हॅरी स्टुडिओच्या कचेरीत ठिय्या देऊन बसले, असं सांगतात. फोटो फोर्डपर्यंत पोचले, आणि त्याच वर्षी ‘स्टेजकोच’चं पथक दरीत दाखल झालं.

खरं तर ‘स्टेजकोच’चा थोडाच भाग इथे चित्रित झाला. घोडागाडीचा तो गाजलेला पाठलाग कॅलिफोर्नियातल्या एका कोरड्या तळ्यावरचा आहे. धावत्या घोड्यांमध्ये पडून गाडीखालून जाणारा ‘अपाची’ म्हणजे याकिमा कनट हा गोरा कसरतपटू. पण इवलीशी गाडी त्या सुळक्यांच्या पायथ्याने जाते, ते दृश्य पाहिल्यावर लोकांच्या मनात ‘वेस्ट’ म्हणजे हीच दरी हे पक्कं झालं. पुढे फोर्डने सगळा पश्चिम इथेच वसवला. टूमस्टोन हे गाव खरं मेक्सिकोच्या सीमेजवळचं. ‘क्लेमेंटाइन’साठी ते दरीत उभारलं गेलं. ‘द सर्चर्स’मधलं टेक्सासही इथलंच. आणि अपाची, कोमांची, शायान अशा निरनिराळ्या जमातींचे घोडेस्वार बहुतेक वेळा दिनेच असायचे. कळप गेलेल्या कुटुंबांना या कामाची मजुरी मिळत होती आणि तिची त्यांना गरज होती.

आता ‘द सर्चर्स’ची सुरुवात बघा. पडद्यावर अक्षरं येतात: टेक्सास, १८६८. दार उघडतं आणि यादवी युद्धात हरलेल्या बाजूने लढलेला इथन, म्हणजे जॉन वेन, कितीतरी वर्षांनी भावाच्या घरी परततो.

त्याच १८६८ साली दिने लोकही घरी परतले होते. त्याआधी चार वर्षं, किट कार्सनच्या अमेरिकी सैन्याने त्यांची शेतं जाळली, मेंढ्या मारल्या, कॅन्यन द शेमधल्या पीचच्या बागा तोडल्या. उपासमारीने शरण आलेल्या माणसांना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नरजवळ, बॉस्के रेडोंडो इथे नेलं. आठ हजारांहून अधिक माणसं तिथे डांबली गेली. खारट पाणी, बुडालेली पिकं, रोगराई यांत कितीतरी दगावली. अखेर बार्बोन्सितो या त्यांच्या नेत्याने जनरल शर्मनपुढे मायदेशी जाण्याचाच हट्ट धरला. १ जून १८६८ रोजी तह झाला आणि सगळे चालत परतले. काही जण मुळात हाती लागलेच नव्हते. होस्किनिनी नावाचा म्होरक्या आपली माणसं आणि थोड्या मेंढ्या घेऊन याच दरीच्या बाजूच्या डोंगराळ भागात निसटला होता. तहानंतर तेरा वर्षांनी, १८८१ मध्ये, बिली द किड हा कुप्रसिद्ध गुंड मारला गेला तोही फोर्ट सम्नरलाच, लष्करी अधिकाऱ्यांच्या जुन्या घरात. त्याच्यावर कितीतरी वेस्टर्न निघाले. त्याच जमिनीवर आठ हजार माणसं डांबली होती, ही गोष्ट हॉलिवूडने फारशी सांगितली नाही.

हे माहीत असलं की ‘द सर्चर्स’मधलं एक दृश्य वेगळंच दिसू लागतं. टेक्सास रेंजर्स रांगेने चाललेत. एका बाजूच्या टेकाडावर कोमांची घोडेस्वार दिसतात, तेही त्याच दिशेने, त्याच संथ चालीने. मग दुसऱ्या बाजूलाही. कुणी बाण सोडत नाही, कुणी ओरडत नाही. कथेत रेंजर्स घेरले गेले आहेत. पण टेकाडावरचे दिने स्वार आपल्याच जमिनीवर घोडे चालवत आहेत आणि त्यांच्या बसण्यात ते उघड दिसतं. याउलट त्यांचा सरदार स्कार झालेला हेन्री ब्रँडन हा बर्लिनमध्ये जन्मलेला नट. संवाद त्याला, जमीन त्यांची.

१९६४ मध्ये फोर्डने दरीतला शेवटचा वेस्टर्न केला, ‘शायान ऑटम’. १८७८ मध्ये सुमारे तीनशे उत्तरी शायान लोक सरकारने नेऊन ठेवलेल्या मुलखातून उत्तरेला, आपल्या घराकडे चालत निघाले, त्याची ही कथा. प्रमुख भूमिकांत रिकार्डो मोंताल्बान, डोलोरेस देल रिओ, साल मिनिओ. त्यांच्या मागची गर्दी मात्र दिने लोकांची, आणि तिच्या तोंडचे संवादही दिने भाषेतले. आमच्या गटात हा सिनेमा रटाळ ठरला. लांबी फार आहे, मधला विनोदी भाग खटकतो, हे मलाही मान्य. तरी घराकडे चालत जाणाऱ्या त्या रांगेत ज्यांचे पणजोबा बॉस्के रेडोंडोहून चालत आले, अशीच माणसं होती. मला हा सिनेमा फोर्डच्या कितीतरी अधिक सफाईदार सिनेमांपेक्षा मोलाचा वाटतो.

त्याच १९६४ साली लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ आला, स्पेनच्या वाळवंटात चित्रित झालेला. २०२१ मध्ये तो दिने भाषेत डब होऊन त्यांच्या राजधानीच्या गावी, विंडो रॉकला दाखवला गेला. त्यामागे नॅव्हाहो नेशन म्युझियमची खटपट होती. क्लिंट ईस्टवुड तिथे दिने बोलतो. ज्यांना इतकी वर्षं दुसऱ्या जमातींचे कपडे चढवून मागे उभं केलं, त्यांनी वेस्टर्नचा नायक आपल्या भाषेत आणला.

म्हणून आमच्या गटातल्या दोन्ही बाजूंना माझं सांगणं एकच. फोर्डची चौकट थोर आहे हे खरं, आणि तिच्या कथेने अन्याय केला हेही खरं. पण सिनेमा टाकून दिलात तर त्या घोडेस्वारांना बघायची एक जागाही जाईल. ‘द सर्चर्स’ पुन्हा लावा, आणि या खेपेला जॉन वेनवरची नजर काढून टेकाडावर ठेवा.